डांबराखालचं लोखंड

माझ्या घरकारणीचं, बायकोचं, बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मास्तर भेटायला आले. आता ते पेन्शनीत आहेत, गुडघे गेलेत, काठी लागते. सोप्यावर टेकले, पाण्याचा तांब्या पुढे केला तो घेतला, आणि जे सगळेच म्हणतात ते म्हणाले, "वहिनींच्या हाताला गुण होता हो. चहा प्यावा तर त्यांच्या हातचा."

मी म्हटलं, "मास्तर, पाणी पिऊन झालं असलं तर उठा."

त्यांना वाटलं मला ऐकू कमी येतं. पुन्हा तेच म्हणाले, मोठ्याने. मी पण मोठ्याने सांगितलं, की ह्या घरात बसून त्या बाईच्या हाताबद्दल तुम्ही बोलायचं नाही. सुनेने मध्ये पडून त्यांना अंगणापर्यंत सोडलं. परत येऊन मला म्हणाली, "मामा, दुःखात माणूस काहीही बोलतं, पण मास्तरांना असं?" तिला ठाऊक नाही. ती तेव्हा ह्या घरात आली नव्हती. मुलग्याला ठाऊक आहे, पण तो "जाऊ द्या" म्हणणाऱ्यांतला. मी जाऊ देणार नाही. मराठी दुसरीपर्यंत शिकलोय, अक्षर वाकडं येतं, पण येतं.

आमचा वाडा म्हणजे घरांची वस्ती, गोव्यात डिचोलीच्या बाजूची, खाणीच्या अंगाला. मी खाणीवर चाळणीला होतो, लाल धूळ खात. खाणीचा खड्डा खाली खाली गेला आणि वाड्यावरची विहीर आटली. पाणी खालच्या बाजूला जातं, हे कळायला शाळा लागत नाही. पण विहीर आटल्यावर सगळे साहेब म्हणाले की पाऊस कमी झाला. बायकांनी रिकाम्या कळशा घेऊन रस्ता अडवला तेव्हा सरकारने बोअर मारून हातपंप बसवून दिला.

पंपाचं पाणी वर येताना काचेसारखं स्वच्छ. तेच पाणी भाणात, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्यात, रात्रभर राहिलं की तळाला तांबडं बसायचं, गेरू कालवल्यासारखं. वाड्यावरच्या बहुतेक बायका संध्याकाळी पाणी भरत, कारण सकाळी पंपावर रांग. रात्री राहिलेलं वरचं पाणी त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वापरत, तळाचं तांबडं ओतून देत. माझी घरकारीण तसं करत नसे. ती पेडण्याकडची, हळर्णची. तिच्या आईने तिला शिकवलेलं की शिळं पाणी पाहुण्याला देऊ नये आणि देवाच्या माणसाला तर नाहीच. कोंबडा आरवायच्या आधी ही पंपावर. आदल्या दिवसाचं पाणी केळीला, घागर राखेने घासून लख्ख, आणि मग ताजं पाणी. भाणाला तांबडं लागलेलं दिसलं की चिंच घेऊन घासत बसायची. "तुजां पाणी न्हय गो, तुजो सोयरो तो," असं तिची शेजारीण चिडवायची. हिला त्याचं काही नव्हतं.

एक दिवस पाण्याच्या खात्याचा तरुण साहेब जीपने आला. बाटलीत पाणी भरून नेलं. काही आठवड्यांनी परत आला आणि पंपाच्या सिमेंटच्या कठड्यावर तांबड्या रंगाने काढलं: Fe²⁺. एक मोठं अक्षर, एक लहान, आणि डोक्यावर दोनाचा आकडा नि अधिकाची फुली. पंपावर बायका उभ्या होत्या. एकीलाही त्याने सांगितलं नाही की बाई, हे असं आहे. ब्रश पुसला, जीप वळवली, गेला.

तो काळ राजभाषेच्या भांडणाचा, मराठी का कोंकणी. आमच्या बाजूला मराठीचा जोर. घरात बोलायचो ते निराळं, पण आरती, भजन, लग्नाची पत्रिका, पोथी सगळं मराठी. मीही मोर्चाला गेलोय, खोटं कशाला सांगू. मराठी नको म्हणतात ह्याचा मला राग होता आणि आजही आहे. रस्त्यारस्त्यावर पाट्यांना डांबर. ह्यांनी त्यांच्या पाटीला, त्यांनी ह्यांच्या पाटीला. कोणती लिपी, देवनागरी का रोमी, ह्यावरून तावेर्नात, दारूच्या दुकानात, पण टाळकी फुटायची.

अशात आमच्या वाड्यावरच्या तरण्यांनी पंपावर ती रोमी अक्षरं बघितली. झालं. "हे आमच्या पंपार पावले" म्हणत एकाने डांबराचा डबा आणला. मी कळशी घेऊन तिथेच होतो. मास्तर सायकल टेकवून उभे. मास्तर तेव्हा हायस्कुलात शास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी मराठीच्या सभांत बोलायचे, आवाज चांगला. एकाने त्यांना विचारलं, "मास्तर, ह्यां काय लिवलांहा?"

मास्तरांनी अक्षरांकडे बघितलं. अगदी वाकून बघितलं, मला चांगलं आठवतं. मग म्हणाले, "काही का असेना, आपलं नाही ते."

डांबर फासलं गेलं. मास्तर सायकलवर बसून गेले.

पुढच्या श्रावणात देवळात भजनी सप्ताह. आमच्याकडे प्रत्येक घराला पार असतो, म्हणजे भजनाची पाळी. ज्याचा पार त्याच्या घरून गाणाऱ्यांना चहा आणि खायला. आमचा पार दुपारचा. तिने आदल्या दिवसापासून उपास धरलेला. सकाळचं भरलेलं पाणी तिने दुपारी घेतलं नाही. मी म्हटलं, आणलंय ना पाणी, कशाला परत, तर म्हणाली, "देवाच्या दारात जाणार ते पाणी आत्ताचं पाहिजे." पुन्हा पंपावर गेली. पंप मारून, घागर झाकून, तशीच चुलीवर. खाणीवरच्या साहेबांकडे मिळतो तसला चांगला चहा मी आणून दिला होता, कडक. घरी आम्ही प्यायचो तो पातळ, जरा काळपट यायचा, पण ते कधी डोळ्यांत भरलं नव्हतं.

चहा ओतला तो काळा. काळा म्हणजे कोरा चहा काळा असतो तसा नव्हे. निळसर काळा. दूध घातलं तर वांग्याच्या सालीचा रंग आला. तिने एक किटली ओतून दिली आणि नव्याने पाणी आणून परत केला. परत तेच. मंडपात अभंग संपत आलेला, थांबायला वेळ नाही. नेला तसाच.

मृदंग वाजवणारा आमच्यातलाच, जिभेचा तिखट. कप तोंडाजवळ नेला आणि म्हणाला, "वहिनी, ही च्या काय शाई? आता अभंग म्हणाक नाका, लिवन काढूया."

सगळा मंडप हसला. बुवा हसले नाहीत, पण त्यांनी कप खाली ठेवला, आणि बुवांनी ठेवला म्हणजे सगळ्यांनी ठेवला. टाळकऱ्यांत मास्तर बसले होते. त्यांनीही ठेवला. कप भरलेले तसेच परत आले. तिची मोठी जाऊ, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, बायकांत बसली होती. ती काही हळू बोलली नाही. "एकेकाचो हात असता. कोणाचो हात लागलो की इरजण लागता, कोणाचो लागलो की दूद नासता. आता च्या पण काळी जावंक लागली."

त्या दिवसापासून हाताचं सुरू झालं. कोणाकडे डोहाळजेवण असलं तर हिला भाजी चिरायला बोलवीत, चुलीकडे नाही. लोणचं घालताना कोणी तिला बरणी देईना. तोंडावर कोणी बोललं नाही, जाऊ सोडून. सप्ताहाच्या समितीने मला देवळाच्या पायरीवर गाठून सांगितलं की पुढल्या वर्षी तुमच्या घरून नारळ द्या, फुलं द्या, चहाचं आम्ही बघू. मी शिव्या दिल्या. समितीतला एक म्हणाला, "अरे, राग कशाक? नारळ काय लहान मान?"

वाड्यावर सगळ्यांत सोवळ्याने पाणी भरणारी ती, आणि काळा चहा तिचा. बाकीच्यांच्या घरी चहा लाल होई. ह्याचा अर्थ लोकांना एकच लागला. तिलाही तोच लागला, हे मला जास्त झोंबतं. एकदा ती स्वतःचे तळवे उलटेपालटे करून बघत होती. मी म्हटलं, काय बघतेस. म्हणाली, "काय नाय." देवळाच्या पुढून जायचं तिने सोडलं, मागच्या कुंपणाच्या वाटेने जायची.

उन्हाळ्यात तो पाण्याचा साहेब परत आला. खूण शोधायला लागला. डांबर बघून माझ्यावरच उखडला, जसं काही मीच फासलं. "ही खूण कोणी पुसली? आमच्या खात्याच्या माणसांना कळावी म्हणून केली होती."

मी म्हटलं, "खात्याची माणसं पितात हे पाणी?"

त्याने डांबर नखाने खरवडून बघितलं. मग म्हणाला, "तुमच्या पाण्यात लोखंड आहे. आठवीच्या पुस्तकात असतं हे. मास्तर नाहीत का गावात?"

होते ना. मी तसाच, कळशी पंपावर ठेवून, मास्तरांच्या सोप्यावर गेलो. भाषेचा कायदा तोवर होऊन गेलेला. सगळ्यांचंच थोडं राहिलं, थोडं गेलं. मास्तर वर्तमानपत्र वाचत होते.

"मास्तर, पंपावर ते काय होतं?"

"कोणतं?"

"तुमच्यासमोर डांबराने भरलं ते."

त्यांनी पेपराची घडी घातली. "लोखंडाची खूण. रसायनशास्त्रात प्रत्येक पदार्थाला अशी खूण असते. लॅटिनमध्ये लोखंडाला फेरम म्हणतात, त्यातली दोन अक्षरं."

"लॅटिन कोणाच्या घरात बोलतात?"

"आता कोणाच्याच नाही. म्हणून तर सगळ्या जगाला चालतं. कोणाचं भांडण नाही." आणि बोलून गेल्यावर त्यांना ते स्वतःला ऐकू आलं असावं. खाली बघायला लागले.

मी म्हटलं, वरची फुली कसली ते सांगा. तर आतून खडू आणून त्यांनी जमिनीवर काढून दाखवलं. शिकवायला लागले की माणूस बरा. "आगरवाड्याचं मीठ घ्या. पाण्यात टाकलं की दिसत नाही. गेलं का? नाही गेलं. त्याचे दोन वाटे झाले. हा एक, Na, डोक्यावर अधिक. हा दुसरा, Cl, डोक्यावर वजा. चुना घ्या. Ca, ह्याच्या डोक्यावर दोन अधिक."

"अधिक म्हणजे काय जास्त आलं त्याच्यात?"

"जास्त नाही आलं. त्याच्याकडचं गेलं. प्रत्येक कणाकडे इलेक्ट्रॉन म्हणून बारीक कण असतात, त्यातला एक गेला की एक अधिक, दोन गेले की दोन अधिक."

"गेलं आणि अधिक? माझ्या ढिगातून टोपली गेली तर मी अधिक लिहू?"

"इलेक्ट्रॉन स्वतः वजा असतो. वजा गेला की जे उरतं ते अधिक दिसतं."

त्या दिवशी मला ते पटलं होतं. आता लोक येतात आणि म्हणतात, सुटली बिचारी, तुम्ही पण सुटलात, फार काढलंत आजारपण. मास्तरांचंच गणित झालं हे. माणूस गेलं आणि डोक्यावर अधिक काढा. लोखंडाचं असेल तसं. माझ्याकडे कोणी ही फुली घेऊन येऊ नये.

मास्तर पुढे सांगत होते. लोखंडाचे दोन गेलेले असतात तोवर ते मिठासारखं पाण्यात मिसळून असतं. पाणी स्वच्छ दिसतं. हवा लागली की त्याचा आणखी एक जातो, तीन अधिक होतं, आणि मग त्याला पाण्यात राहवत नाही. तांबडं होऊन तळाला बसतं. त्यांनी Fe²⁺ काढून पुढे बाण केला आणि Fe³⁺ काढलं. लोखंड तेच, फुली तीच, आकडा तेवढा बदलला.

"आणि चहा?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "चहाच्या पानात तुरट अर्क असतो. पाण्यातलं लोखंड त्याला भेटलं की काळं होतं. जुने लोक हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच खार, घालून शाई करायचे, तीच तऱ्हा."

"मग बाकीच्यांची च्या काळी कशी नाही होत?"

"रात्री भरून ठेवलेल्या पाण्यातलं लोखंड खाली बसून जातं. वरच्या पाण्यात उरत नाही. ताजं घेतलं तरच..." ते तिथेच अडले.

मी विचारलं, "हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं? पोरांनी विचारलं तेव्हा?"

"अक्षरं ओळखली होती."

"आणि सप्ताहात? टाळ घेऊन समोर बसला होता. तिचा कप हातात होता तुमच्या."

"तेव्हा अंदाज आला होता."

"मग?"

"दिवस कसले होते तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं असतं की पुसू नका, रोमीत असलं तरी आपल्या उपयोगाचं आहे, तर पोरांनी मला फितूर ठरवलं असतं. आणि पंपावर गप्प बसल्यावर मंडपात कुठल्या तोंडाने बोलू?"

"म्हणजे तुम्हाला कोणी फितूर म्हणू नये म्हणून माझ्या बायकोला काळ्या हाताची म्हणू दिलंत."

"भाऊ, असं एकदम..."

"आमची भाषा आमची भाषा करून घसा सुकवलात. दोन वाक्यं आमच्या भाषेत बोलायची होती. पंपावर. बायकांना."

मी उठलो तेव्हा ते खडूची अक्षरं पायाने पुसत होते.

घरी येऊन तिला सांगितलं. मला वाटलं सुटल्यासारखं वाटेल तिला. ती ऐकत राहिली, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे आता मी शिळं पाणी द्यायचं?"

"अगो, त्याने च्या लाल होते."

"च्या लाल होण्यासाठी मी देवाच्या माणसांना कालचं पाणी पाजू? माझ्या आईने शिकवलं ते खोटं?"

"हळर्णच्या विहिरीला ते खरं. ह्या पंपाला खोटं."

"पाण्यागणिक धर्म बदलतो काय तुमच्या मास्तराचा?"

दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर परसात तीन दगडांच्या चुलीवर दोन टोपं. एकात ताजं पाणी, एकात रात्रीचं. दोन्हींत चहा टाकला, आणि दोन काचेचे पेले पायरीवर उन्हात ठेवले. एक शाई, एक लाल. त्यांच्याकडे बघत बसली. मग तिने आपले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "समितीला सांगा, यंदा पार आमचा आमच्याकडे पाहिजे. च्यासकट."

मी जाऊन सांगितलं. नुसतं सांगितलं म्हणजे काय, पार दिला नाहीत तर मंडपात आडवा पडेन म्हणालो. तेव्हा नुकतंच गोवा घटक राज्य झालेलं, फटाके वाजून गेलेले, माणसं जरा खुशीत होती. दिला.

आमची दुपार आली. ती दोन किटल्या घेऊन मंडपात उभी राहिली, एक ह्या हातात, एक त्या हातात. बुवांनी अभंग संपवला. हिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. चार माणसांत ती कधी बोललेली नव्हती, पण थांबली नाही.

"ह्या किटलीत आत्ताचं ताजं पाणी आहे. ह्याची च्या काळी आहे, गेल्या साली होती तशी. ह्या दुसरीत कालचं शिळं पाणी आहे. ह्याची लाल आहे. पंपाच्या पाण्यात लोखंड आहे, त्याने हे होतं. मास्तर आहेत, त्यांना विचारा. मी न सांगता शिळं पाणी कोणाला देणार नाही. कुठली ओतू ते तुम्ही सांगा."

मृदंगवाला मृदंगाची वादी ओढत बसला. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी मान हलवली, हो म्हणून. तेवढीच. तोंडाने एक शब्द नाही. सभेतला तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

शेवटी बुवांनी कप पुढे केला, शिळ्याच्या किटलीकडे. मग सगळ्यांनी केले. हिने ओतला. प्यायले. मास्तरांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. तिच्या जावेने पण घेतला, बशीत ओतून, फुंकून फुंकून.

कप रिकामे झाले तरी ही तिथेच उभी. मला कळत होतं कशासाठी उभी आहे ते. कोणीतरी म्हणावं की गो, तुझ्या हाताचं काही नव्हतं, आमचं चुकलं. बुवांनी म्हणावं, नाहीतर जावेने, नाहीतर त्या मृदंगवाल्याने थट्टेत का होईना. बुवांनी टाळ उचलला आणि पुढचा अभंग सुरू केला. ती कप गोळा करायला खाली बसली.

दुसऱ्या श्रावणाच्या आधी समितीचा माणूस घरी आला. अगदी गोड. "वहिनी, पार तुमचोच. च्या तुमचीच. तुमच्यासारखी च्या वाड्यार नाय."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोण चुकलं म्हणून सांगणार असलं तर येते."

तो हसला. "वहिनी, जुन्या कशाक उकरतास?"

"मग परसात सोललेले नारळ आहेत. ते घेऊन जा."

नारळ घेऊन गेला. त्यानंतर दर वर्षी नारळ गेले, चहा नाही. वाड्यावरच्या सगळ्या घरांत आता रात्री भरून ठेवलेलं पाणी वापरतात, सुना आल्या त्यांना पण शिकवतात, आणि कोणी विचारलं तर सांगतात की आमच्याकडे पहिल्यापासून असंच. ती ऐकायची आणि गप्प बसायची. वर्षभर खाटेवर होती, तेव्हाही बायका येऊन बसायच्या, फळं आणायच्या. तिला पाहिजे होतं ते एक वाक्य होतं, तीन-चार शब्दांचं. कुठल्याही भाषेत चाललं असतं. ती जिवंत असेपर्यंत ते कोणाच्या तोंडातून निघालं नाही. आता ते घेऊन कोणी माझ्या सोप्यावर येऊ नये.